शंभूराजांचे बाळपण

वारणानगर ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात पन्हाळगड उभा आहे. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचे देहावसान झाले, तेव्हा युवराज संभाजीराजे पन्हाळगडावर होते. पित्याचे अखेरचे दर्शनही त्यांना घडले नाही. वियोग जणू त्यांच्या पाचवीलाच पुजला होता.

त्यांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. मातोश्री सईबाई निवर्तल्या, तेव्हा ते जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. आजी जिजाबाईंनी त्यांना मायेने वाढविले. भोवती मात्र सदैव युद्ध! १६६६ साली, अवघ्या नवव्या वर्षी, ते पित्यासह आग्र्यास बादशहाच्या कैदेत सापडले. तेथून सुटका झाली. पण शंभूराजांस मथुरेस परक्या घरी ठेवून महाराजांना पुढे जावे लागले. मुलगा वाटेत वारला, अशी आवईही उठविण्यात आली. त्या दिवसांत त्या बालजीवास काय वाटले असेल! पुढे १६७४ साली राज्याभिषेकाचा आनंद ओसरतो न ओसरतो, तोच आजीही गेली.

अशा धामधुमीत वाढलेल्या या राजपुत्राने संस्कृत विद्या आत्मसात केली व 'बुधभूषण' हा ग्रंथ रचिला. गणेशवंदनेबरोबर त्यात आजोबा शहाजीराजांचे वर्णन येते. आजोबांचे वास्तव्य दूर कर्नाटकात. १६६४ साली ते वारले, तेव्हा नातू सहा वर्षांचा होता. ज्यांचा सहवास फारसा लाभला नाही, त्यांची मूर्ती त्याने कल्पनेने घडविली, आणि तिच्या शेजारी आपल्या पराक्रमी पित्याची मूर्ती उभी केली.

पुढे राज्याची चिंता व अखंड लढाया नशिबी आल्या. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांचा वध करविला. ग्रंथ मात्र राहिला. १९२६ साली पुण्यात तो छापून निघाला.