बेळगावचे गंगाधरराव

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेच्या एकाच कायद्याने केदारखेड्यासह सारा मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. इकडे समाधान झाले, तिकडे वाद उरला. त्या वादाच्या धुरळ्यात गंगाधरराव देशपांडे यांचे विस्मरण व्हावे, हे दुर्दैव होय.

बेळगाव जिल्ह्यातील हुदली येथे १८७१ साली जन्मलेले गंगाधरराव हे लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. टिळकांच्या होमरूल लीगची स्थापनाही १९१६ मध्ये बेळगावातच झाली. टिळकांच्या पश्चात त्यांनी गांधीमार्ग पत्करून खादीकार्याला वाहून घेतले. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. त्याच वेळी तेथे कर्नाटक एकीकरण परिषदही भरली. टिळकांचा हा शिष्य पुढे ‘कर्नाटकसिंह’ म्हणून गौरविला गेला, यात कोणालाही विसंगती वाटली नाही. १९६० साली ते निवर्तले.

२००४ साली महाराष्ट्राने सीमाप्रश्नी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालय सीमा ठरवू शकेल. परंतु दोन भाषांच्या माणसांना एका मांडवात बसविण्याचे गंगाधररावांचे कार्य समाजालाच करावे लागेल.