टिळकांच्या पाठीशी उभे राहिलेले नगरचे ह्यूमसाहेब

नगर शहरातलं ह्यूम मेमोरियल चर्च सगळ्यांना माहीत आहे. पण ते ज्यांच्या नावानं आहे ते डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम कोण, हे आता थोड्यांनाच सांगता येतं.

ह्यूमसाहेब जन्मानं मुंबईकर. १८४७ साली मिशनरी घरात जन्मले. वडील लवकर वारले, तेव्हा आई मुलांना घेऊन अमेरिकेला गेली. तिथं शिकून १८७४ मध्ये ते परत आले, थेट नगरला. पुढची पन्नासेक वर्षं त्यांचा मुक्काम इथंच. त्यांच्या दुसऱ्या पत्नी केटीबाई म्हणजे नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या फेअरबँक मिशनरींची लेक, म्हणजे सासुरवाडीही जिल्ह्यातलीच!

नगरला उपदेशक तयार करणारी धर्मशाळा ते चालवत. गावोगावच्या मंडळ्यांना पास्टर तिथूनच मिळायचे. मिशनमध्ये त्यांचा शब्द वजनदार होता. पण या वजनदार माणसावरही एकदा पाळी आली होती. १८८६ साली ते रजेवर अमेरिकेत होते. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचं नावच पडलं नाही, त्यांना मेल्यानंतर देव संधी देईल का, असा वाद तिकडे पेटला होता. ह्यूमसाहेब उदार बाजूनं बोलले. झालं, मिशनच्या मुख्य बोर्डानं त्यांचं भारतात परतणंच अडवून धरलं. पुढच्या वर्षी वाट मोकळी झाली. मतासाठी पोट आणि पद दोन्ही टांगणीला लागणं काय असतं, हे त्यांनी भोगलेलं होतं.

१८९५ मध्ये मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. कोकणातले ब्राह्मण, कवी, स्वभाव तापट, कुणाच्या दावणीला न बांधला जाणारा. असा माणूस कुठल्याही संस्थेला पेलणं अवघडच. नगरला ह्यूमसाहेबांनी त्यांना आपल्या धर्मशाळेत शिकवायला जागा दिली. देवळात इंग्रजी चालीच्या अनुवादित गीतांचा जोर होता. टिळकांना अभंग, ओवी, टाळ, कीर्तन हवं होतं. ख्रिस्ती झालो म्हणजे मराठीपण सोडलं असं नाही, हा त्यांचा हट्ट. नव्या माणसाचा असा हट्ट जुन्या जाणत्यानं आपल्या छताखाली चालू दिला, ही साधी गोष्ट नव्हती. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षाही मिळाली.

ह्यूमसाहेबांचे स्वतःचे विचारही त्याच वाटेनं चालले होते. १९०५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मिशनच्या कामाकडे नव्या नजरेनं पाहिलं. दुसऱ्या धर्मांतही देवाचं काम चालू असतं, असं ते मानत. त्याआधी १८९९-१९०० च्या दुष्काळात अन्न आणि पैशाची मदत लोकांपर्यंत पोचवण्यासाठी ते राबले होते. सरकारनं त्याबद्दल कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. त्यामुळे त्यांच्या शब्दाला गावातही किंमत होती, फक्त गोऱ्या साहेबांच्या बैठकीत नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणारा कुणीही तिथं चालत होता. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. दरबार फार टिकला नाही. गीतं मात्र टिकली. मराठी मंडळ्यांमध्ये ती आजही दर रविवारी गायली जातात.

ह्यूमसाहेब म्हातारपणी अमेरिकेला परतले आणि १९२९ मध्ये तिकडेच वारले.