विश्लेषण : सॅक्सोफोनला नाव देणारा अ‍ॅडॉल्फ सॅक्स तीनदा दिवाळखोर का झाला?

जुने पितळी वाद्य हाती आले की जाणकार आधी त्याचे कर्ण्यासारखे तोंड न्याहाळतात. कारागिराचे नाव, पत्ता, अनुक्रमांक बहुधा तिथेच कोरलेला असतो. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वाद्यांवर असे सापडणारे सर्वात मोठे नाव म्हणजे अ‍ॅडॉल्फ सॅक्स.

कोण होता सॅक्स?

आजच्या बेल्जियममधील दिनां येथे 6 नोव्हेंबर 1814 रोजी त्याचा जन्म झाला. खरे नाव आंत्वान-जोसेफ. वडील वाद्ये बनवत, त्यामुळे धातूकाम आणि वादन दोन्ही त्याला घरातच मिळाले. 1842 मध्ये तो पॅरिसला आला. संगीतकार बर्लिओझने वृत्तपत्रात लिहून त्याची भलामण केली. स्थानिक कारागिरांना मात्र हा उपरा खुपला.

त्याने नवे काय केले?

सॅक्सहॉर्न हे त्याचे मोठे काम. कळांची पितळी वाद्ये आधीही होती. पण प्रत्येकाची घडण निराळी. सॅक्सने अगदी लहान ते अगदी मोठ्या आकारापर्यंत एकाच घडणीचे कुटुंब तयार केले. एक वाद्य शिकलेल्या सैनिकाला दुसऱ्यावर बोटे नव्याने बसवावी लागत नव्हती. लष्करी बँडसाठी ही सोय लाखमोलाची होती. लग्नाच्या वरातीत दिसणारे युफोनियम याच घराण्याच्या जवळचे.

सॅक्सोफोनचे पेटंट त्याने 1846 मध्ये घेतले. अंग पितळेचे, तरी हे सुषिर वाद्यांतल्या पितळी गटात मोडत नाही. कारण आवाज ओठांच्या कंपनातून नव्हे, क्लॅरिनेटसारख्या पत्तीतून निघतो. क्लॅरिनेटची नळी सरळ, सॅक्सोफोनची शंकूसारखी रुंदावत जाणारी. म्हणून क्लॅरिनेटवर जोर लावला की सूर बारा स्वरांवर उडी मारतो, तर सॅक्सोफोनवर नेमका वरच्या सप्तकात जातो. अभियांत्रिकीच्या नजरेने पाहिले तर सगळी करामत या आकारात आहे.

मग वाद कशाचा?

22 एप्रिल 1845 रोजी पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर जुन्या पद्धतीचा बँड आणि सॅक्सचा बँड यांची जाहीर जुगलबंदी झाली. सॅक्सची सरशी झाली आणि लष्कराने त्याची वाद्ये स्वीकारली. याचा अर्थ इतरांची सरकारी कामे गेली. त्यांनी एकत्र येऊन पेटंट रद्द करण्यासाठी दावे लावले. सॅक्सहॉर्नमध्ये पूर्णपणे नवे किती, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. 1848 च्या क्रांतीनंतर नव्या सरकारने लष्करी सुधारणा गुंडाळली. 1852 मध्ये सॅक्स दिवाळखोर झाला. 1854 मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याला पुन्हा राजाश्रय दिला. मधल्या काळात ओठाच्या गाठीने तो मरता मरता वाचला.

बरेचसे खटले त्याने जिंकले, पण वर्षे आणि पैसा कोर्टात गेला. 1866 मध्ये सॅक्सोफोनचे पेटंट संपले आणि कुणीही तो बनवू लागला. पॅरिसच्या संगीत विद्यालयातील त्याचा सॅक्सोफोनचा वर्ग 1870 मध्ये बंद पडला, तो थेट 1942 मध्ये सुरू झाला. 1873 आणि 1877 मध्ये पुन्हा दिवाळे निघाले. जमवलेल्या चारशेहून अधिक जुन्या वाद्यांचा संग्रहही लिलावात गेला.

7 फेब्रुवारी 1894 रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. कारखाना मुलाने चालवला, पुढे तो सेल्मर कंपनीकडे गेला. त्यामुळे नुसते सॅक्स हे नाव पाहून वाद्याचा काळ ठरत नाही. अनुक्रमांक आणि पत्ताही तपासावा लागतो.