सरकारी पैशाची शाळा कोणाची? कॉ. आर. बी. मोरे यांचा धडा

मुंबई-गोवा महामार्ग पळस्प्याहून सुटतो आणि पेण, माणगाव करत महाडकडे जातो. महाडच्या अलीकडे सावित्री नदीच्या काठी दासगाव लागते. पनवेल आणि दासगाव एकाच जिल्ह्यात आहेत. पूर्वी त्याला कुलाबा म्हणत, १९८१ पासून तो रायगड आहे. याच दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे चळवळीत सर्वांना माहीत असलेले कॉम्रेड आर. बी. मोरे. महाडच्या १९२७ च्या परिषदेचे एक प्रमुख संघटक म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. पण चवदार तळ्याच्या कितीतरी आधी त्यांनी एक लढाई लढली होती, आणि ती शाळेच्या दारात होती. आज पनवेलमधल्या तरुणांनी ती समजून घ्यावी असे आम्हाला वाटते.

मोरे यांचा जन्म १९०३ चा. कोकणातल्या महार समाजात तेव्हा लष्करी पेन्शनरांमुळे शिक्षणाची ओढ निर्माण झाली होती. महाड तालुक्यातल्याच रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकातच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली होती. त्या वातावरणात वाढलेला रामचंद्र हुशार निघाला. प्राथमिक शिक्षणानंतर त्याने अलिबागला जाऊन शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि तो पासही झाला. वय अवघे अकराच्या आसपास. आता पुढचे शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत घ्यायचे होते.

शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला. म्हणजे सरकार एका हाताने मुलाला शिष्यवृत्ती देत होते आणि सरकारी अनुदान घेणारी शाळा त्याच मुलाला दार बंद करत होती. तो मुलगा रडत घरी बसला नाही. त्याने या अन्यायाची तक्रार लिहून पाठवली. प्रकरणाचा बोभाटा होईल आणि अनुदान जाईल, ही भीती शाळेला वाटली आणि प्रवेश द्यावा लागला.

अकरा वर्षांच्या मुलाच्या पत्रात एवढे बळ कुठून आले? त्याचे उत्तर इतिहासात आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला होता आणि तो मिळाला नव्हता. त्या प्रकरणाची चर्चा वरपर्यंत गेली. अखेर १८५८ मध्ये मुंबई सरकारने धोरण जाहीर केले. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील. आणि केवळ अनुदान घेणाऱ्या शाळेने जातीवरून कोणाला वगळले तर तिचे अनुदान थांबवण्याचा अधिकार सरकारकडे राहील. हा अधिकार वापरायची सरकारची इच्छा क्वचितच दिसली. म्हणून तो कागदावर पडून राहिला. मोरे यांनी तक्रार केली तेव्हा त्या कागदाला धार आली. नियम असतो, पण तो मागणारा माणूस लागतो, हे त्यांना त्या वयात कळले.

पण दार उघडले म्हणून समता आली नाही. वर्गात त्यांची बसण्याची जागा इतरांपासून वेगळी राहिली. हजेरीपटावर नाव आले, पण बरोबरीने बसणे मिळाले नाही. प्रवेश आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही या प्रसंगाची दुसरी शिकवण आहे.

पुढे १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हे आपण नेहमी सांगतो. त्याच ठरावात सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही होते, हे मात्र आपण विसरतो. तळे आणि शाळा एकाच ठरावात होत्या, कारण दोन्हींवर जनतेचा पैसा खर्च होत होता. शाळेच्या दारात अनुभव घेतलेल्या मोरे यांनी महाडला परिषद भरवण्याचा आग्रह बाबासाहेबांकडे धरला, याचे आम्हाला म्हणूनच नवल वाटत नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला ती परिषद झाली. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले होते. शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी दाखवले. माध्यमिक शिक्षणात पुढारलेल्या हिंदूंचे लाखामागे ३,००० विद्यार्थी होते, तर मागासवर्गीयांचे फक्त १४. सरकार दारूवरच्या करातून माणशी जेवढे मिळवते त्याच्या निम्मेही शिक्षणावर खर्च करत नाही, असा त्यांचा हिशेब होता. एका आठवड्यात कायदेमंडळात शाळेचा हिशेब आणि महाडला पाण्याचा हक्क. आमच्या मते हा एकच लढा होता.

मोरे पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत गेले आणि १९३० च्या सुमारास कम्युनिस्ट झाले. आपल्यातल्या अनेकांना त्यांचा हा मार्ग मान्य नसेल. पण त्यांनी बाबासाहेबांशी नाते तोडले नाही आणि जातीचा प्रश्नही सोडला नाही. वर्गाच्या चर्चेत अस्पृश्यतेचा प्रश्न मागे पडू नये, म्हणून त्यांनी आपल्याच पक्षाला वारंवार टिपणे लिहून दिली. शाळेला जाब विचारणारा माणूस पक्षालाही जाब विचारत होता. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता आपल्या पनवेलकडे पाहू. पनवेल, कामोठे, खारघरमध्ये वातानुकूलित वर्गांच्या आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळा आहेत आणि त्याच परिसरात जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळा आहेत. कोणालाही जातीवरून हाकलले जात नाही. फी आणि पत्ता तेच काम शांतपणे करतात. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पुन्हा तेच झाले. नियम होता, तो काढून घेतला जात होता, मागणारे उभे राहिले म्हणून वाचला.

परंतु २५ टक्क्यांतून काही मुले बाहेर पडतील, बाकीची सरकारी शाळेतच शिकतील. म्हणून ती शाळा उत्तम होणे हा खरा प्रश्न आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. आपल्या वस्तीतल्या शाळेची समिती कधी बसते, शिक्षकांची पदे किती रिकामी आहेत, मिळालेले अनुदान कुठे खर्च झाले, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? प्रवेशाच्या दिवसांत विहारात मदत केंद्र उघडून पालकांचे अर्ज भरून देणे अवघड नाही. प्रवेश मिळालेल्या मुलाला वर्गात वेगळी वागणूक मिळते का, हे वर्षभर पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे.

जयंतीला मिरवणूक काढू, तेवढ्याच उत्साहाने एक अर्जही लिहू. महाडच्या त्या शाळेचे दार अकरा वर्षांच्या मुलाच्या तक्रारीने उघडले होते. आपल्याकडे तर कायदा आहे, संविधान आहे आणि माणसेही आहेत.

जय भीम!