विस्मरणाला नाव देणारा डॉक्टर : अलॉइस अल्झायमर

साठी बुद्धी नाठी ही म्हण आपण सगळेच हसत हसत वापरतो. आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरीही ती कितीदा तरी वापरली गेली. संध्याकाळ झाली की आजी पिशवी भरायची आणि रावेरची गाडी किती वाजता, असं विचारायची. रावेर तिचं माहेर. तिथं आता कुणीच नाही. आम्ही कधी हसायचो, कधी चिडायचो, वयच झालं म्हणून सोडून द्यायचो. शेवटी डॉक्टरांनी तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. हे नाव ज्या माणसाचं, त्याची ही ओळख.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतल्या बव्हेरियात मार्क्टब्राइट या छोट्या गावी झाला. वडील नोटरी होते. १८८७ मध्ये ते डॉक्टर झाले, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी! पुढच्याच वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. त्या काळी अशा रुग्णांना सर्रास बांधून ठेवत. इथं मात्र तसं शक्यतो करायचं नाही, असं धोरण होतं. अल्झायमर दिवसभर रुग्णांजवळ असत आणि नंतर सूक्ष्मदर्शकापाशी. मेंदूच्या पेशी रंगवून पाहण्याची नवी पद्धत काढणारे फ्रान्झ निस्सल हे त्यांचे सहकारी आणि जिवलग मित्र.

१९०१ मध्ये पत्नी सेसिलीचं निधन झालं. तीन लहान मुलं होती, त्यांना सांभाळायला बहीण आली. अल्झायमर यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्ट डेटर नावाची बाई रुग्णालयात दाखल झाली. वय फक्त ५१. नवऱ्यावर विनाकारण संशय घेणं, वस्तू लपवून ठेवणं, स्वयंपाक बिघडवणं असं सगळं सुरू झालं होतं. अल्झायमर तिच्याजवळ बसून साधे साधे प्रश्न विचारत, वस्तू दाखवून त्यांची नावं विचारत आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून घेत. स्वतःचं नाव लिहितानाही ती मध्येच अडायची.

१९०३ मध्ये ते एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर काम करायला आधी हायडेलबर्गला आणि मग म्युनिकला गेले, पण ऑगस्टला विसरले नाहीत. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली, तेव्हा त्यांनी तिचे कागद आणि मेंदू मागवून घेतला. मेंदू आक्रसला होता. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या पातळ कापांत पेशींच्या आत धाग्यांचे गुंते आणि पेशींच्या बाहेर साचलेले थर दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, पण सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला त्यांचं नाव दिलं.

१९१२ मध्ये ब्रेस्लाऊला प्राध्यापक म्हणून जाताना ते आजारी पडले, ते पुरते बरे झालेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते वारले. वय ५१, ऑगस्ट दाखल झाली तेव्हा तिचं होतं तेवढंच. तिची हरवलेली फाइल १९९५ मध्ये फ्रँकफर्टमध्ये सापडली.

गंमत म्हणजे, कित्येक वर्षं हे नाव फक्त कमी वयाच्या रुग्णांसाठीच वापरत. म्हाताऱ्या माणसांचं विस्मरण म्हणजे वय, असंच डॉक्टरही मानत. दोन्हीत मेंदूतला बिघाड एकच आहे, हे १९६० आणि ७० च्या दशकांत पटू लागलं. म्हणजे आपली म्हण आणि तेव्हाचं वैद्यकशास्त्र एकाच चुकीत होते!

आज भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगतात, असा अंदाज आहे. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. पण थायरॉइड किंवा बी-१२ च्या कमतरतेमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून मित्रांनो, घरातलं माणूस वारंवार विसरायला लागलं, तर म्हण आठवण्याआधी डॉक्टरांकडे न्या.

आजी अजूनही रावेरची गाडी विचारते. आता आम्ही चिडत नाही. माहेरी कोण कोण होतं, असं विचारतो आणि ती जे सांगेल ते मी वहीत लिहून ठेवते.