पगाराची तारीख मागणारा ठाणेकर : नारायण मेघाजी लोखंडे



आज एका अशा माणसाची ओळख करून घेऊ, ज्यांचा जन्म आपल्याच ठाण्यात झाला. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत येतं आणि परीक्षेत जोड्या लावायला विचारलं जातं. भारतीय कामगार चळवळीचे जनक कोण? उत्तर : नारायण मेघाजी लोखंडे. एक गुण मिळाला की आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

मीही असंच शिकवत होते. मग एका वर्षी सहलीचे पैसे गोळा करताना चौथीतला एक मुलगा रोज म्हणायचा, बाई, उद्या देतो. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्याचे वडील डोंबिवलीच्या औद्योगिक भागात कामाला आहेत आणि त्यांना दोन महिन्यांचा पगारच मिळालेला नाही. ओव्हरटाइमचे पैसे तर त्याआधीपासून थकलेले. वाणी उधार देईना, घरभाडं थांबलेलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पगार किती आहे याच्याइतकाच तो कधी हातात पडतो हाही मोठा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा कागदावर मांडणाऱ्यांत एक ठाणेकर होता, 1884 साली!

बालपण आणि नोकरी

नारायणरावांचा जन्म 1848 साली ठाण्यात झाला. त्यांचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. घरची परिस्थिती बेताची. ते पाच वर्षांचे होते तेव्हा, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोचली. म्हणजे बघा, ज्या रेल्वेनं आज आपल्याकडचे लाखो लोक रोज कामाला जातात, ती आणि नारायणराव एकाच गावात लहानाचे मोठे झाले.

ठाण्यात मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेऊन त्यांनी आधी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली. नंतर ते मुंबईला मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. स्टोअरकीपर म्हणजे मालाची आवक-जावक वहीत लिहिणारा माणूस. तो ना मालक, ना मजूर. नारायणराव मागावर उभे राहणारे कामगार नव्हते, हे लक्षात ठेवा. पण गिरणीच्या आत काय चालतं, हे त्यांनी रोज जवळून पाहिलं.

गिरणीत काय चालायचं?

त्या वेळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की भोंगा, मावळला की सुट्टी. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबायचा. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. रविवारी यंत्रं साफ करायला बोलवायचे. जेवायलाही नीट सवड नसे.

आणि पगार? महिना संपला म्हणजे पगार होईलच असं नव्हतं. गिरण्या कामगाराचा पगार बरेच दिवस मागे ठेवत. पैसे मालकाकडे अडकलेले असले की माणूस काम सोडून जात नाही, हा त्यातला हिशेब. शिवाय उशीर झाला, गैरहजर राहिला की दंड. कापड बिघडलं तर तेच कापड विणकराच्या गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार मग काय करणार? तो सावकाराकडे जायचा. स्वतःच्याच घामाचे पैसे येईपर्यंत दुसऱ्याचे पैसे व्याजानं घ्यायचा!

1881 साली सरकारनं पहिला कारखाना कायदा केला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा ठरली. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं. पगाराबद्दलही नव्हतं.

वर्तमानपत्र हाती घेतलं

नारायणराव महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात दीनबंधू हे पत्र काढलं होतं. पैशाअभावी ते चालवणं कठीण झालं, तेव्हा 1880 साली लोखंडे यांनी ते मुंबईत आणलं आणि अखेरपर्यंत चालवलं. शेतकऱ्यांची, कामगारांची गाऱ्हाणी त्यात छापून येऊ लागली. तोवर गिरणीतली गोष्ट गिरणीतच राहायची. आता ती चार लोकांच्या वाचनात येऊ लागली.

1884 : पाच मागण्या

1884 साली मुंबई सरकारनं कारखान्यांची चौकशी करायला एक आयोग नेमला. लोखंडे यांनी ही संधी साधली. त्यांनी सप्टेंबर महिन्यात कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या वहीत उतरवून घ्या :

1. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी.
2. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.
3. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं.
4. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा.
5. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

या अर्जावर 5500 कामगारांच्या सह्या होत्या. बहुतेक कामगारांना अक्षरओळख नव्हती, अशा काळातली ही गोष्ट आहे. सही करणं म्हणजे मालकाला आपलं नाव कळणं. नाव कळलं की नोकरी जाण्याची भीती. तरीही 5500!

चौथी मागणी पुन्हा वाचा. तिच्यात पगार वाढवा असं म्हटलेलं नाही. जो पगार ठरलाय तोच, पण ठरलेल्या तारखेला द्या, एवढंच म्हटलंय. किती साधं मागणं! आणि तरी त्यासाठी अर्ज करावा लागला.

याच साली लोखंडे यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली. ती आजच्या युनियनसारखी नव्हती, हेही खरं. तिची सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता. लोखंडे अर्ज लिहायचे, सभा भरवायचे, आयोगापुढे बाजू मांडायचे. त्यांनी संप पुकारून गिरण्या बंद पाडल्या नाहीत. म्हणून काही अभ्यासक त्यांना कामगार नेत्यापेक्षा कामगारांचे हितचिंतक म्हणतात. पण विचार करा, कामगारांच्या बाजूनं बोलणारं कुणीच नसताना पहिलं पाऊल असंच पडणार ना?

रविवारची सुट्टी कशी मिळाली?

त्या अर्जाचा लगेच काही उपयोग झाला नाही. लोखंडे थांबले नाहीत. त्यांनी पुन्हा अर्ज केले, पुन्हा सभा घेतल्या. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी दुसरा कारखाना आयोग बसला. त्याच्या कामात लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांच्या बाजूनं भाग घेतला. 1891 साली कायद्यात सुधारणा झाली. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. स्त्रियांचं काम दिवसाला अकरा तासांवर आणलं गेलं. मुलांचं किमान वय नऊ झालं.

म्हणजे पाचांपैकी दोन मागण्या पदरात पडल्या. पगाराची तारीख मात्र राहून गेली.

शेवटचे दिवस

1893 साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा लोखंडे यांनी शांततेसाठी राणीच्या बागेत मोठी सभा भरवली. सरकारनं त्यांना रावबहादूर हा किताब दिला. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. लोक घरदार सोडून पळत होते. लोखंडे पळाले नाहीत. रुग्णांची सोय करण्याच्या कामात ते गुंतले आणि त्यातच त्यांनाही प्लेग झाला. 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचं वय पन्नासही नव्हतं. साधारण एक महिन्यानं, 10 मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले गेल्या.

राहिलेली मागणी

आता चौथ्या मागणीचं पुढे काय झालं ते सांगते. वेतन प्रदान कायदा झाला 1936 साली. म्हणजे लोखंडे यांच्या अर्जानंतर 52 वर्षांनी आणि त्यांच्या निधनानंतर 39 वर्षांनी! त्यात तारीख ठरली : हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याची 7 तारीख, जास्त असतील तर 10 तारीख. लोखंडे यांनी 15 मागितली होती, कायद्यानं त्याहून अलीकडची दिली. मनमानी दंड आणि कपातींनाही मर्यादा आली. 1948 च्या कारखाना कायद्यानं जादा कामाला दुप्पट दर लावला.

आज हे नियम 2019 च्या वेतन संहितेत आहेत. ही संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. त्यातल्या चार गोष्टी आपल्या सगळ्यांना माहीत हव्यात :

- मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत मिळाला पाहिजे.
- ओव्हरटाइमला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट पैसे मिळाले पाहिजेत.
- नोकरी सोडली किंवा कामावरून काढलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण झाला पाहिजे.
- पैसे थकले तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. तो कामगाराला करता येतो, तसाच युनियनलाही.

तक्रार कामगार विभागाच्या कार्यालयात करायची. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसायचं कारण नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कल्याणच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. 15100 हा मदतीचा क्रमांक आहे. लिहून ठेवा.

आणि तो मुलगा?

त्याची आई एक दिवस शाळेत आली. पिशवीत भिंतीवरचं कालनिर्णय गुंडाळून आणलं होतं. दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी प्रत्येक तारखेवर पेनानं आकडे लिहिले होते. दोन, तीन, चार. नवरा रात्री किती तास उशिरा आला ते ती लिहून ठेवायची. का? तर म्हणाली, लक्षात राहावं म्हणून. तिला वाटत होतं हे कुणी बघणार नाही. मी म्हटलं, ताई, हे जपून ठेवा. हजेरीचं कार्ड, बँकेचं पासबुक, पगाराची पावती असेल ती, सगळं एकत्र ठेवा आणि विधी सेवेच्या कार्यालयात जा.

ते दोघं गेले. थकलेले दोन पगार काही महिन्यांनी मिळाले. ओव्हरटाइमचा दावा अजून चालू आहे. त्या वर्षीची सहल त्या मुलाची हुकली ती हुकलीच. पैसे मी भरते म्हटलं तर वडिलांनी नको म्हणून सांगितलं.

म्हणून सांगते मित्रांनो, लोखंडे यांचं चरित्र एका गुणाच्या उत्तरात संपत नाही. त्यांनी हातात दगड घेतला नाही, वही घेतली. मागण्या लिहिल्या, सह्या गोळा केल्या आणि उत्तर आलं नाही तेव्हा पुन्हा लिहिलं. 2005 साली भारत सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. छानच झालं. पण मला विचाराल तर त्या आईचं कालनिर्णय हेही त्यांचंच स्मारक आहे.

घरी करून पाहा : आई-बाबांना विचारा, तुमचा पगार कोणत्या तारखेला होतो? जादा काम केलं तर त्याची नोंद कोण ठेवतं? कुणीच ठेवत नसेल, तर आजपासून ते काम तुम्ही करा. तुम्हाला लिहिता येतं ना!