राजापूरचे खासदार, सीमाभागाचे बॅरिस्टर

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी हा सारा मराठी मुलूख आज लोकसभेसाठी तीन मतदारसंघांत विभागला गेला आहे. खानापूर उत्तर कन्नडमध्ये, निपाणी चिक्कोडीत, तर बेळगावच्या जोडीला गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल. विधानसभेवर समितीचे आमदार पुष्कळदा गेले, पण बेळगावच्या लोकसभा मतदारसंघातून महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार एकदाही दिल्लीला जाऊ शकला नाही. तरीही 1957 ते 1970 अशी तेरा वर्षे सीमावासीयांना लोकसभेत आपला म्हणावा असा माणूस होता. त्याला निवडून देण्यात आपले एकही मत नव्हते. ती मते होती आंबोलीचा घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या कोकणातली. तो माणूस म्हणजे बॅ. नाथ पै.

पंढरीनाथ ऊर्फ नाथ पै यांचा जन्म 25 सप्टेंबर 1922 रोजी वेंगुर्ल्याचा. वाढले मात्र बेळगावात. 1942 च्या लढ्यात उडी घेतली, तुरुंगवास भोगला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि पुढे लंडनला लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टर झाले. तेथे समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. व्हिएन्नाच्या क्रिस्टल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युरोपात त्यांचे बस्तान बसले असते, त्यात शंका नाही. पण ते परत आले ते संयुक्त महाराष्ट्राच्या धगीत.

17 जानेवारी 1956 ला बेळगाव-निपाणीत गोळीबार झाला, रक्त सांडले. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला आपला भाग म्हैसूर राज्यात डांबला गेला. पुढच्याच वर्षी सार्वत्रिक निवडणूक लागली. दक्षिण रत्नागिरीचा भाग 1952 साली काँग्रेसकडे गेला होता. 1957 मध्ये राजापूर या नावाने मतदारसंघ उभा राहिला आणि समितीच्या लाटेत प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी ही निशाणी घेऊन पै निवडून आले. वय अवघे चौतीस.

पण लाटेवर निवडून येणे हे काही मोठे नव्हे. त्या वर्षी तिकडे पुष्कळ जण तसे आले. खरी परीक्षा 1962 ला झाली. 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला होता, समिती फुटली होती, आणि ज्या मागणीवर मते मिळाली ती मागणीच (आपला भाग वगळून!) पुरी झालेली. त्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या 44 पैकी 41 जागा काँग्रेसने घेतल्या. प्रजा समाजवादी पक्षाचा राज्यात एकच खासदार उरला, तो राजापूरचा. 1967 लाही त्या पक्षाची तेवढी एकच जागा राहिली.

हे कसे घडले? राजापूरचा मतदार श्रीमंत नव्हता. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालणारी घरे, खाड्यांवर पूल नाहीत, पलीकडे जायचे तर तरीची वाट बघायची. साखर कारखाना नाही, बँक नाही, सत्तेची सावली नाही. म्हणजे देण्याघेण्याच्या राजकारणाला तेथे मुळातच जागा कमी. पै त्या वाड्यावाड्यांतून फिरत. संसदेत परराष्ट्र धोरणावर बोलताना ज्यांना पंडित नेहरू कान देऊन ऐकत, तोच माणूस दशावतार आणि भजन ऐकणाऱ्या माणसांना त्यांच्याच बोलीत दिल्लीचा कारभार समजावून सांगे. मतदारांना त्याने कमी लेखले नाही. कोकण रेल्वेची मागणी त्याने लावून धरली, तशीच गोव्याच्या मुक्तीचीही. आणि सीमाप्रश्न तर होताच. राजापूरच्या मतदाराने कधी विचारले नाही की आमचा खासदार बेळगावचे गाऱ्हाणे का मांडतो. हे त्या मतदाराचे मोठेपण आपण फारसे बोलून दाखवत नाही, ते येथे सांगितले पाहिजे.

1967 साली महाजन आयोगाचा अहवाल आला. काही गावे महाराष्ट्राला, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच. महाराष्ट्राने तो फेटाळला. त्याच वर्षी पैंनी आणखी एका मोठ्या कामाला हात घातला. पंजाबातील गोलकनाथ कुटुंबाच्या जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की मूलभूत हक्कांना संसद कात्री लावू शकत नाही. जमीन सुधारणेचे कायदे यामुळे अडतील आणि लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा अधिकारच जाईल, असे पैंना वाटले. तो अधिकार परत मिळवण्यासाठी त्यांनी अशासकीय विधेयक आणले. एका लहान पक्षाच्या खासदाराच्या विधेयकावर देशभर वाद झडला, संयुक्त समिती बसली. मूलभूत हक्क बहुमताच्या हाती द्यावेत काय, ही विरोधकांची शंका पोकळ नव्हती. आणीबाणी पाहिलेल्या वाचकाला ती आज जास्तच पटेल. पण पैंचा विश्वास मतदारावर होता, आणि ज्याला राजापूरसारखा मतदार लाभला त्याचा तो असणारच.

विधेयक मंजूर होण्याआधीच, 27 डिसेंबर 1970 रोजी, लोकसभा विसर्जित झाली. निवडणूक मार्चमध्ये व्हायची होती. आपल्या मतदारसंघाकडे लक्ष द्यायचे ते दिवस. पण 17 जानेवारी 1971 ला पै बेळगावात होते, हुतात्मा दिनाच्या सभेत. ते बोलले. त्याच रात्री हृदयविकाराचा झटका आला आणि 18 जानेवारीला त्यांची प्राणज्योत मालवली. वय अठ्ठेचाळीस. ज्या सभेत ते शेवटचे बोलले, तिथल्या श्रोत्यांपैकी राजापूरचा मतदार शोधूनही सापडला नसता.

राजापुरात प्रजा समाजवादी पक्षाने प्रा. मधु दंडवते यांना उभे केले. इंदिरा गांधींची लाट होती. महाराष्ट्रातल्या 45 पैकी 42 जागा काँग्रेसकडे गेल्या. राजापूर गेले नाही. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून पैंच्या विधेयकातला गाभा मान्य केला. दंडवते पाच वेळा निवडून आले, रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले. 1991 ला मात्र काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले आणि चौतीस वर्षांची ती परंपरा तुटली. 1996 पासून चार निवडणुका शिवसेनेच्या सुरेश प्रभूंनी जिंकल्या. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली.

2008 च्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघच गेला. 2009 पासून त्या भागाचे मत रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोजले जाते. शहापूरच्या नाथ पै चौकात आजही बस थांबते, आणि सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला आहे.